आत्यांमार्फत ब्रेक पॅड

लग्नाला बारा वर्षं झाली तरी माझे सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. आमच्या घरची रीतच तशी. सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही आणि सुनेने सासऱ्यासमोर डोक्यावरची ओढणी ढळू द्यायची नाही. शाळेत मी चाळीस पोरांकडून ओरडून पाढे म्हणून घेते. पण घरी सासऱ्यांना चहा हवाय का, एवढं विचारायला मला सासूबाई लागायच्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासऱ्यांना मामा म्हणायचं असतं, पण म्हणायची वेळच आली नव्हती.

आम्ही तिघं एका खोलीत असलो तरी कारभार असाच चालायचा. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणायचे, "चहा व्हई का?" आत्या माझ्याकडे वळायच्या, "चहा ठेव वं." मी विचारायची, "आत्या, आलं टाकू का?" आत्या तिकडे वळायच्या, "आलं टाकू का?" मामा कॅलेंडरलाच सांगायचे, "टाक म्हना." निरोप तीन हातांचं अंतर फिरून येईपर्यंत पाणी उकळून निम्मं व्हायचं. माझा नवरा सुरतेला नोकरीला असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. त्याला यात काहीच वावगं वाटत नाही, कारण त्याच्याशी सगळेच बोलतात.

हे समोरासमोरचे निरोप साधे असायचे. वजनदार निरोप आत्या स्वयंपाकघरात, मामा शेताकडे गेले की, आवाज उतरवून आणायच्या. सुरुवात ठरलेली: "त्या म्हनतस." त्या म्हणजे मामा. त्या म्हनतस, डाळमा मीठ कमी पडस. त्या म्हनतस, हाऊ रंग भलता भडक शे. त्या म्हनतस, दिवा लागाना आत घर येत जाय. ताटावर मान खाली घालून जेवणाऱ्या, माझ्याकडे कधी नजर वर करून न पाहणाऱ्या माणसाला माझ्याबद्दल इतकी मतं कशी, याचं मला नवल वाटायचं. पुढे पुढे नवल संपलं आणि राग उरला.

तीन वर्षांपूर्वी मी जुनी छोटी गाडी घेतली. संध्याकाळी निरोप हजर: "त्या म्हनतस, गाडीनी काय गरज व्हती?" नवरा गाडी चालवत असला की मामा ऐटीत पुढे बसायचे. मी चालवत असले की त्यांना हटकून चालत जायची हौस यायची. तळोद्याच्या बाजाराला मी गाडी काढली, तर ते माझ्यादेखत एसटीच्या थांब्याकडे निघायचे. मी मनात म्हणायची, असू द्या, मामा, एसटीत उभं राहा.

या हिवाळ्यात माझी बदली झाली. अक्कलकुव्याच्या पुढे, देवगोईचा घाट चढून गेल्यावर एक शाळा आहे, तिथे सोमवारी हजर व्हायचं होतं. मी गाडीने जाणार हे उघडच होतं. आठवडाभर आधी आत्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "त्या म्हनतस, घाटमा गाडी लई जाऊ नको. अक्कलकुवाथून जीप धर."

जीप! जिच्या टपावरही माणसं बसतात ती जीप. माझा तवा तापला. कारखान्यात उभा जन्म यंत्रं फिरवलेला माणूस, त्याला सुनेच्या हातातलं एक स्टिअरिंग चालत नाही. मी ठरवलं, जाईन तर गाडीनेच.

पंचाईत एकच होती. ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून चिरका आवाज यायचा. आमच्या गल्लीतली कुत्री तो ऐकून आधीच बाजूला व्हायची, त्यामुळे मला त्याचा फायदाच वाटत आला होता. पण मेकॅनिकने चाकात डोकावून सांगितलं की पॅड संपलेत, आणि त्याच्या घरी लग्न असल्यामुळे तो पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारनंतरच हात लावेल. घाटात संपलेले पॅड घेऊन जाण्याइतकी मी वेडी नव्हते. रविवारी संध्याकाळपर्यंत ब्रेक झाले नाहीत तर सोमवारी जीप, आणि मामांचं म्हणणं खरं. एवढं मला सहन होणार नव्हतं.

मग मी नवे पॅड आणले, मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरलं. मामांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आत्या, मी ब्रेक बदली ऱ्हायनी. मी सोताच."

काम सांगायला सोपं आहे. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतात ते पॅड. ते झिजले की काढायचे, नवे बसवायचे. चिमट्याचा जो जाडजूड भाग पॅडना धरतो तो कॅलिपर, आणि त्याच्या पोटातला पिस्टन ब्रेक दाबला की बाहेर सरकून पॅड दाबतो. व्हिडिओतल्या माणसाने हे अकरा मिनिटांत केलं होतं.

मी जॅक लावून गाडी उचलायला लागले तोच मामा घरातून आले. अंगात कारखान्यातली जुनी खाकी पँट, हातात पान्यांची कॅनव्हासची पिशवी. आयुष्यभर साखर कारखान्यात फिटर होते. पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमधून तळोद्याजवळच्या या गावी परत आले तेव्हा सगळं सामान एका ट्रॅक्टरमध्ये आणि ही पिशवी मांडीवर, असं आत्या सांगतात. ते गाडीजवळ बसले आणि चाकाला उद्देशून म्हणाले, "गाडी उचलाना पहिले नट ढिला करना पडतस."

चाकाने उत्तर दिलं नाही. आत्या ओट्यावरून म्हणाल्या, "नट पहिले ढिला कर वं."

मी जॅक उतरवला. नट ढिले केले. मागच्या चाकांना दगड लावले होते, ते त्यांनी पायाने ढकलून पाहिले आणि काहीच म्हणाले नाहीत. मी ते शाबासकीत धरलं.

डावं चाक झकास झालं. मामा बोल्ट काढत होते, मी पाने देत होते, आत्या ओट्यावर मेथी निवडत दोन्हीकडची वाहतूक सांभाळत होत्या. "बारानं पानं देय म्हना." "बारानं पानं देय." कधी कधी निरोप पोहोचायच्या आधीच मी पाना पुढे करायची; मग मामा हात मागे घेऊन निरोप पोहोचेपर्यंत थांबायचे. रीत म्हणजे रीत. जुने पॅड निघाले ते पापडाएवढे पातळ झाले होते. मामांनी ते उलटसुलट केले आणि आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेथीकडे पाहिलं.

नवे पॅड बसले, चाक चढलं. मग मामांनी आत्यांमार्फत कळवलं की आता गाडीत बसून ब्रेक तीन-चारदा दाबायचा, म्हणजे नवे जाड पॅड बसावेत म्हणून मागे ढकललेला पिस्टन पुन्हा पॅडला येऊन टेकतो. मी दाबला. पायाखाली पॅडल कडक झालं. मला एकदम आपण इंजिनिअर असल्यासारखं वाटायला लागलं.

त्याच भरात मी माती खाल्ली. उजव्या चाकाचं काम निम्मं झालं होतं. कॅलिपर उघडून वर उचलून ठेवला होता आणि त्यात पॅड अजून नव्हते. मामा पाठमोरे बसून फडक्याला हात पुसत होते. मला वाटलं, डावीकडे दाबला तसा इकडेही दाबायचा असणार. सांगायची वाट कशाला बघा? मी गाडीत बसले आणि पॅडलवर पाय ठेवला.

मामांनी वळून पाहिलं. त्यांचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, आणि त्यांनी माझ्याकडे नाही, घराच्या दाराकडे मान फिरवली. कारण आत्या नेमक्या मेथी धुवायला आत गेल्या होत्या.

"अवं, तिले सांग! पाय नको ठेवू म्हना!"

"काय?" आतून आवाज आला. नळ चालू होता.

मी पहिल्यांदा दाबला.

"पाय! ब्रेकवर पाय नको म्हना तिले!"

"थांबा, मी येस."

मी दुसऱ्यांदा दाबला. आता तुम्ही म्हणाल, मला ऐकू येत नव्हतं का? चांगलं येत होतं. पण बारा वर्षांची सवय अशी की मामांच्या तोंडचं वाक्य माझ्यासाठी नसतंच. माझ्यासाठी असतं ते आत्यांच्या तोंडचं. मी त्याची वाट बघत, मान हलवत, तिसऱ्यांदा दाबला.

ठप्प! चहाच्या पेल्याएवढा पिस्टन कॅलिपरमधून निघून अंगणातल्या फरशीवर पडला, आणि मागोमाग ब्रेक ऑइल मामांच्या खाकी पँटवर. आत्या ओल्या हातांनी दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "त्या म्हनतस, ब्रेकवर पाय ठेवू नको."

मला रडू यायला लागलं. सकाळपासूनची सगळी ऐट त्या ऑइलबरोबर फरशीवर पसरली होती. उद्याची जीप मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, टपावरच्या माणसांसकट.

मामा मात्र चिडले नाहीत. त्यांनी पिस्टन उचलला, उजेडात धरून चहूबाजूंनी फिरवला, ओरखडा नाही ना ते नखाने पाहिलं. मग पिशवीतून ब्रेक ऑइलची नवी बाटली काढली. सांगितलं तेवढ्यावर काम कधीच थांबत नाही, हे फिटर माणसाला ठाऊक असतं. बाटली त्यांनी आधीच आणून ठेवली होती. पिस्टन पुसून, ताज्या ऑइलमध्ये ओला करून त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी इतक्या हळुवारपणे आत बसवला की मी ओढणी सावरायची विसरले.

आता ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती. ती काढली नाही तर पॅडल मऊ लागतं आणि गाडी थांबत नाही. हे काम दोन माणसांचं. एकाने ब्रेक दाबून धरायचा. दुसऱ्याने चाकामागचा छोटा नट क्षणभर उघडायचा, त्याला लावलेल्या रबरी नळीतून हवा बाटलीत सोडायची, नट बंद करायचा. मगच पहिल्याने पाय उचलायचा. नट उघडा असताना पाय उचलला तर नळी बाहेरची हवा पुन्हा आत ओढून घेते, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न.

आम्ही तिघांनी सुरुवात केली. आत्या आमच्या दोघांच्या मध्ये, बोनेटपाशी उभ्या.

"दाब म्हना." "दाब वं." मी दाबला. "धरी ठेव म्हना." "धरी ठेव." "सोड म्हना." "सोड."

चौथ्या फेरीला आत्यांना शिंक आली. पाचव्या फेरीला समोरच्या घरच्या काकू "काय चालनं हाई?" विचारत आल्या आणि आत्यांनी त्यांना उत्तर दिलं. सहाव्या फेरीला "धरी ठेव" यायच्या आधी माझा पाय उचलला गेला आणि नळीने गटकन हवा ओढली. मामा बसल्या जागेवरून अर्धे उठले, मान चाकाच्या वर काढली, थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि ओरडले, "दाब! दाब म्हनस ना मी तुले! मी सोड म्हनत नही तवपावत दाबी ठेव!"

मी दाबून ठेवला.

बारा वर्षांतला त्यांचा माझ्याशी पहिला शब्द म्हणजे "दाब". मला ते कळलं, पण त्यांना कळलं नाही. ते कामात होते. "सोड." सोडला. "दाब." दाबला. "धर, धर, धर. सोड." बाटलीतले बुडबुडे कमी होत गेले आणि पॅडल माझ्या तळव्याखाली घट्ट होत आलं. आत्या मात्र बोनेटपाशी उभ्याच होत्या, हात रिकामे. त्यांनी एकदा "दाब" म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर मी दाबला होता. मग त्या ओट्यावर जाऊन बसल्या.

चाक चढवल्यावर मामा गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसले. कोणाला न सांगता. नवे पॅड रस्त्यावर चार-सहा वेळा हळूहळू दाबून बसवावे लागतात, आणि ते दुसऱ्याच्या भरवशावर सोडायला ते तयार नव्हते. मी तळोद्याच्या रस्त्याला गाडी काढली. उसाच्या बैलगाड्या डावीकडून चालल्या होत्या.

"चाळीसवर ने. आते हळूच दाब." गाडी आवाज न करता थांबली. पुन्हा चाळीस, पुन्हा थांबली. पाचव्या वेळेला मामा म्हणाले, "आते घाट काय, कोठेबी जाय."

मला राहवलं नाही. मी आरशात न बघता विचारलं, "मामा, तुम्हीच म्हनं ना, घाटमा गाडी लई जाऊ नको?"

"मी? मी कवय म्हनं?"

"आत्यानी सांगं."

"मी इतलंच म्हनं, तिन्हा ब्रेक वाजी ऱ्हायनात, ते बदलाले जोयजे."

मी गाडी कडेला घेतली. "आनि डाळमा मीठ कमी पडस?"

"माले तं डाक्टरनी मीठ कमी कराले सांगेल शे."

"मन्हा कपडासना रंग भडक?"

"मी तुन्हाकडे देखसच कोठे?" मामा खरोखर बुचकळ्यात पडले होते.

"गाडीनी काय गरज व्हती, हाई?"

"गाडी तं माले आवडनी. पन पुढे बठनू तं लोके म्हनतीन सासरा सूनना बाजूले बठस. मांगे बठनू तं तुले डायवर समजतीन." असं म्हणून ते स्वतःच हसले, कारण ते मागेच बसले होते.

मीही हसले, पण आतून उकळत होते. बारा वर्षं! बारा वर्षं या माणसावर मी मनातल्या मनात दातओठ खात होते आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. आता घरी जाऊन आत्यांना जाब विचारायचाच. काय काय विचारायचं त्याची मी जुळवाजुळव करू लागले, आणि करता करता मला एक जुनी गोष्ट आठवली. आमची मुलगी सहा महिन्यांची असताना माझी बी.एड.ची परीक्षा आली होती. मी सोडून द्यायला निघाले होते. तेव्हा आत्या स्वयंपाकघरात आवाज उतरवून म्हणाल्या होत्या, "त्या म्हनतस, परीक्षा देय. घर आन पोर आत्या सांभाळी." ती परीक्षा दिली म्हणून मला नोकरी लागली. मामांचा एवढा एकच उपकार मी मनाच्या कोपऱ्यात जपून ठेवला होता.

"मामा, मन्ही परीक्षाना टाईमले, परीक्षा देय, असं तुम्ही सांगं व्हतं ना?"

"नही," मामा म्हणाले. "ते बी मी नही म्हनं."

मी गाडी वळवली. राग कुठे ठेवावा ते मला समजेना. मला वाटत आलं होतं की या घरात मला टोचणारा एक माणूस आहे आणि त्याचे निरोप पोहोचवणारी एक बाई आहे. टोचणारी तीच होती आणि पाठीशी उभी राहणारीही तीच.

आत्या ओट्यावर बसल्या होत्या. समोर निवडलेली, धुतलेली मेथी, आणि त्यातलीच एक काडी त्या पुन्हा निवडत होत्या. मामा हात धुवायला मागे विहिरीवर गेले. आत्यांनी मान वर न करता विचारलं, "काय म्हनतस त्या?"

"म्हनतस, त्यासनी कधी काहीच सांगेल नही."

आत्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता त्या उसळतील किंवा पदर तोंडाला लावतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"मन्हं कोन ऐकस या घरमा?" त्या म्हणाल्या. "चाळीस वरीस व्हयनात. मी सांगं तं कोनी मान बी वर करत नही. त्यासनं नाव लिन्हं का सगळा ऐकतस. तू बी."

हे खरं होतं. "आत्या म्हणतात" एवढ्यावर मी डाळीत मीठ वाढवलं नसतं. परीक्षेलाही बसले असते की नाही, कोण जाणे. मला स्वतःची लाज वाटली, आणि मी ते त्यांना सांगितलंही. त्यांनी काडी बाजूला टाकली.

मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले. माझ्या हातांना अजून ऑइल होतं. "मंग आते तुमनं सांगा, आत्या. घाटनं. मी गाडी लई जाऊ का नको?"

असं विचारायची त्यांना सवय नव्हती, ऐकायचीही नव्हती. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. पण मामा विहिरीवर होते आणि तिथून काही निरोप येण्यासारखा नव्हता.

"माले भेव वाटस," त्या म्हणाल्या. "मी बसमा गयथू एकदाव त्या घाटमा. सगळा रस्ता डोळा मिटी बठेल व्हतू."

"मंग नको जाऊ?"

आत्यांनी गाडीकडे पाहिलं. दोन्ही चाकांवर ऑइलच्या बोटांचे ठसे उमटले होते, मामांचे आणि माझे सरमिसळ.

"जाय," त्या म्हणाल्या. "गाडीच लई जाय. पन हळू जाय, आन वर पोचनी का माले फोन कर." मग त्यांनी मेथीची चाळण उचलली, आत जायला वळल्या आणि दारातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हाई मी सांगस. त्या नही."